बांधलं नाही, ठेवलं

बेला,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय मंजू,

पाकिटावर आजीचं नाव घातलं असतं तर तू ते लगेच उघडलं असतंस, हे मला माहीत आहे. तरी माझंच घातलं. फसवून उघडायला लावलेलं पत्र मला लिहायचं नव्हतं. माझं नाव पाहून तू हे तसंच बाजूला ठेवलंस, तर तो तुझा हक्क आहे. पण माझा फोन तू घेत नाहीस, आणि हे फोनवर सांगण्यासारखंही नाही. आपल्या घरात फोनवर बोललेलं भिंतीपलीकडे दुकानात कनाती घड्या घालणाऱ्या पोरांपर्यंत जातं. म्हणून लिहिते आहे, आणि जे पाहिलं-ऐकलं त्याला माझ्याकडून काही जोडलं जाऊ नये, म्हणून हळूहळू लिहिते आहे.

दसऱ्याला तू नागपूरहून फोनवर आजीला जे बोललीस ते मी ऐकलं होतं. आजीला फोन कानाला लावून ऐकू येत नाही, ती स्पीकरवर ठेवते. मी तिथेच आपट्याची पानं पुसत बसले होते. "त्या बाईच्या गळ्यातलं काढा, मंग येईन मी घरी. नाई त अठूनच जर्मनीले जाईन." आणि आजी काही बोलायच्या आत, "मायी माय काय भूत होय, तिले बांधून ठेवाले?" आजीने फोन उलटा ठेवला, जणू तो दिसला नाही की ऐकूही येणार नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोट्टी बापावर गेली, शब्द मोजूनच टाकते." त्या दिवसापासून हे घर तुझ्या जाण्याच्या तारखेकडे बघत बसलं आहे. तू येशील की नाही, एवढाच प्रश्न. तुझे बाबा तो मोठ्याने विचारत नाहीत. फक्त रोज संध्याकाळी आदिलाबादहून येणारी बस चौकात थांबते, तेव्हा दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहतात.

माझ्या गळ्यातल्या टाकाबद्दल तुला सगळं माहीत आहे, तरी तो माझ्याकडे कसा आला ते मी सांगायला हवं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आजीने मला देवघरासमोर बसवलं आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक मंगळसूत्राशेजारी बांधला. नखाएवढा पत्रा. त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, हात कमरेवर, नाकडोळे जवळजवळ नाहीतच. आजी म्हणाली, "हे तुयी सवत. हिले रुसू देऊ नको." पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी आली की तिने पहिलीला असं गळ्यात वागवायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, ताटातला पहिला घास तिच्या नावाने बाजूला काढायचा, म्हणजे पहिली नव्या बाईला त्रास देत नाही. मी एम. ए. झालेली, मराठी शाळेत मुलांना शिकवणारी बाई. मी हे मानत नव्हते. पण मी टाक काढलाही नाही. आपण मानत नाही, पण मानणाऱ्यांना बरं वाटतंय तर वाटू द्यावं, याला मी समजूतदारपणा म्हणत आले. तू फोनवर बोललीस तेव्हा मात्र वाटलं, मुलगी बरोबर बोलते आहे. मी तुझ्या बाजूची होते, मंजू. तुला ते कळायला काही मार्ग नव्हता, कारण तो टाक माझ्याच गळ्यात होता.

पौष लागला. पौषात लग्नं नाहीत, म्हणजे मांडव घालणाऱ्या बिछायतवाल्याला काम नाही. आणि इकडे शाळांना संक्रांतीच्या सुट्ट्या लागतात. तुझे बाबा एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "तुमाले सुट्ट्या आहेत. चाला, समिंदर पाहून येऊ. लॉजमध्ये नाई राहाचं. तंबू टाकू, जिथी वाटलं तिथी." मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. निर्मलच्या पलीकडे काम नसताना कधी न गेलेला माणूस. दुकानातल्या शिंप्याकडून त्यांनी मांडवाच्या जुन्या कापडाचा तंबू शिवून घेतला, आतून लाल-पिवळी कनात, वरून ताडपत्री. छोटा हत्ती टेम्पो धुतला, मागे बांबू, सुतळी, पहार, गाद्या भरल्या. आजी ओट्यावर बसून ते पाहत होती. "सारी जिंदगी लोकायचे मांडव ठोकले, आता सोताचा ठोकाले चालला. पत्रिका छापल्या का रे?" निघताना तिने मला जवळ बोलावलं, पदर सरकवून टाक ब्लाउजवर नीट बसवला आणि म्हणाली, "हिले झाकजा नोको. तिलेबी पाहू दे."

आम्ही दोघं एकमेकांना 'तुमी' म्हणतो, हे तुला आठवत असेल. शाळेच्या पंधरा ऑगस्टच्या मांडवासाठी ते आले होते तेव्हा ते 'नागेशभाऊ' होते आणि मी 'मॅडम'. चाळिशीत लग्न केलं, तरी तो 'तुमी' काही सुटला नाही. आजी म्हणते, "दोघंबी तुमी-तुमी करतेत, जसे का तहसीलीत अर्ज घेऊन उभे आहेत." मी हसायचे. पण लहानपणापासून मला वाटत आलं होतं की आपल्याला कुणीतरी एकदा 'तू' म्हणेल, घरचं माणूस म्हणतं तसं. आई-वडील सोडले तर कुणी म्हटलं नाही. हे तुला सांगण्याचं खरं तर कारण नाही. पण हे कळलं नाही तर पुढचं समजणार नाही.

हैदराबादला वळसा घालून, विजयवाड्यात एक मुक्काम करून आम्ही मछलीपट्टणच्या बाजूला लागलो. दोन्हीकडे भातकापणी झालेली शेतं, मग मिठागरं, मग आकाश एकदम खाली आल्यासारखं. अजून पाणी दिसत नव्हतं, नुसता वास. तुझ्या बाबांनी गाडी हळू केली आणि म्हणाले, "पाय, पाय! आलं!" मी 'पाहा' नाही ऐकलं, 'पाय' ऐकलं, 'तू' म्हणायच्या माणसाला म्हणतात ते 'बघ'. मी भाषा शिकवते. सर्वनाम आणि क्रियापदाची चूक मला झोपेतसुद्धा कळते. माझे कान गरम झाले. खिडकीबाहेर पाहत राहिले, कारण चेहऱ्यावर काय दिसतंय याची मला खात्री नव्हती. थोड्या वेळाने एका टपरीपाशी गाडी थांबवून त्यांनी विचारलं, "तुमी चहा घेता का?" मी मनात म्हटलं, सवय आहे, एका दिवसात जाणार नाही.

गावापासून जरा लांब, सुरूच्या बनाच्या कडेला त्यांनी जागा पाहिली. वाळूत खुंट्या धरेनात. जन्मभर काळ्या मातीत पहार मारणारा माणूस, वाळूने त्यांची पार थट्टा केली. शेवटी त्यांनी पोत्यांत वाळू भरून ती पुरली आणि त्यांना दोऱ्या बांधल्या. तो लाल-पिवळा तंबू किनाऱ्यावर असा काही दिसत होता की मासे वाळत घालणाऱ्या दोन बायका टोपल्या खाली ठेवून विचारायला आल्या, "पेळ्ळी एवरिदी?" लग्न कुणाचं, म्हणून. तुझे बाबा हसून म्हणाले, "मादे!" आमचंच. बायका खो-खो हसत गेल्या, एकीने जाता जाता माझ्या गालावर बोट टेकवलं. मीही हसले. आत गेले तर त्यांनी गाद्या तीन टाकलेल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मांडवात एक जास्तीची असू द्यावं. कोन येते सांगता येत नाई." धंद्याची सवय, हे मला पटलं. चहा ओतताना त्यांनी आधी थोडा वाळूवर सांडला. घरी तो पहिला घास मी काढते, आजीच्या नजरेसाठी. इथे आजी नव्हती, आणि मी तो काढायचा नाही असं ठरवून आले होते. त्यांनी काढला.

पुढचे दिवस आम्ही किनारा धरून खाली उतरत गेलो, बापटला, चिराला, मध्ये नावं विसरलेली गावं. ती कनात वाऱ्याने आत ओढली जायची आणि बाहेर फुगायची, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. मला तंबूत एकटीने बसायला आवडेनासं झालं. एका सकाळी पाहिलं तर मधल्या, तिसऱ्या गादीवर वाळू होती, बारीक, सगळीकडे सारखी नाही, मध्ये खोलगट. वारा आत येतो, मी स्वतःला सांगितलं. डायरीतही तसंच लिहिलं. पण त्याच्याखाली हेही लिहावं लागलं की इतर दोन गाद्यांवर एक कणही नव्हता. मी ती वाळू झटकली नाही. का, ते माहीत नाही. कुणाच्या तरी अंथरुणाला हात लावतो आहोत असं वाटलं.

आणि 'तू' वाढत चालला होता. सूर्य तिथे समुद्रातून निघतो. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात तो बुडताना पाहिलेला, त्यामुळे मी रोज नव्याने चकित व्हायचे. ते म्हणायचे, "पाय कसा निंगते, ओला." जाळं ओढणारे लोक दिसले की, "आयक, कसे गानं म्हणतेत." लाटेने पाय भिजला की, "घाबरू नोको, काई करत नाई थे." हे सगळं 'तू'. आणि डिझेल, चहा, औषध, रस्ता, थंडी, हे सगळं 'तुमी'. जे जे पाहण्यासारखं ते एकीकडे, जे जे करण्यासारखं ते दुसरीकडे. मला ते दिसत होतं. मी मुलांच्या वहीत लाल रेघ मारावी तशी मनात रेघ मारत होते आणि लगेच पुसत होते. माणसाला जे हवं असतं ते मिळतंय असं वाटायला लागलं की तो व्याकरण बघत नाही.

चिरालाच्या पुढे एक जागा होती, तिथे किनारा वळतो. संध्याकाळची वेळ, ऊन पाठीमागे सुरूच्या झाडांत. मी घोटाभर पाण्यात उभी होते, ते समोर, पाण्याला पाठ करून. ते सांगत होते, "असं वाटते नं का याले दुसरी बाजूच नाई? तू म्हणत होतीस, तलावासारखं असंन, फक्त मोठं..." मी असं कधी म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ते माझ्या डोळ्यांकडे पाहत नव्हते. जरा खाली पाहत होते. तेवढ्यात वारा आला आणि माझा पदर उडून गळ्यावर बसला. ते वाक्याच्या मध्येच थांबले. एखाद्याने तोंडावर दार लावून घ्यावं तसे. मग नजर वर आली, माझ्यापर्यंत, आणि ते फार आदराने म्हणाले, "तुमाले थंडी वाजून राह्यली का?"

मी हो म्हटलं. थंडी वाजतही होती.

मी तंबूत न जाता गाडीत जाऊन बसले. राग आला का, हे मी स्वतःला नीट विचारलं. आला होता. लाजही वाटली, त्या कान गरम होण्याची. पण त्या दोन्हींखाली आणखी एक गोष्ट होती, तिला मी भीती म्हणणार नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही. इतके दिवस मी समजत होते की मी एक चांदीचा पत्रा घालून फिरते आहे. आणि तुझे बाबा एका खिडकीसमोर रोज येऊन बसत होते, आणि खिडकी माझ्या गळ्यात होती. मी सासरी आल्यापासून हा माणूस माझ्या आरपार कुणाशी तरी बोलत आला होता, घरी मुकाट्याने, इथे समुद्राच्या आवाजात मोकळेपणाने. टाक छातीवर गार लागत होता. मी तो हातात धरला. त्या बाईला नाकडोळे नाहीत, तरी मला वाटलं की ती पाहते आहे, आणि माझ्याकडे नाही, पाण्याकडे.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी टाक काढला. दोरा मानेत रुतलेला होता, सुटायला वेळ लागला. तंबूच्या मधल्या बांबूला जिथे कंदील टांगतात त्या दोरीला मी तो अडकवला. तुझे बाबा वाळूची पोती तपासून आत आले. मी म्हटलं, "मी पाण्याकडे जाऊन येते. तुमी बसा." त्यांनी आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग बांबूकडे. मी बाहेर येऊन कनातीचा पडदा सोडला. जोडप्याने दार लावून घ्यावं म्हणून घरातली म्हातारी ओट्यावर जाऊन बसते, तशी मी थोड्या अंतरावर वाळूत बसले. आणखी लांब जायला हवं होतं. जाता आलं असतं. मांडवाचं कापड किती पातळ असतं हे मला माहीत होतं. ऐकणं बरोबर होतं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पण ऐकलं, आणि ते तुझं आहे, म्हणून देते आहे.

मग ते बोलले, गावातल्या आवाजात, माझ्याशी कधी बोलत नाहीत त्या. "पाह्यलं नं आता? कॅलेंडरवरचा समिंदर पाहून पाहून जीव खाल्ला होता माया. झालं?" मग तुझ्यावर आले. "पोट्टी विमानानं जाऊन राह्यली. जर्मनीले. तू असतीस त भाकरी बांधून देल्या असत्या विमानात खायाले." थोडे हसले. "थे घरी नाई येत. तुयासाठी भांडून राह्यली. मायले बोलली, का मायी माय भूत होय का, म्हून. माय काईच नाई बोलली. टाक करन्यात मायचा हातच नाई. सोनाराकडे मीच गेलो होतो." मी वाळूत हात रोवून बसले होते. ते सांगत होते, "नवी बाई येनार. चांगली बाई. मंग घरात तुयं नाव कोनाच्या तोंडी राहनार? तिच्यासमोर तुयं नाव घ्याची सोय नाई राहात. म्हून मीच मायले म्हनलं, टाक करू. लोकं करतेत थे पहिलीनं येऊ नाई म्हून. म्या केला का तू जाऊ नाई म्हून. मंजूले वाटते तुले बांधलं. बांधलं नाई. तुले ठेवलं."

मग ते म्हणाले, "आता तूच सांग. राहू देऊ का सोडू?"

आणि थांबले. मंजू, मला एवढंच सांगायचं आहे की मी दुसरा कुठलाही आवाज ऐकला नाही. लाटा होत्या, सुरूची झाडं होती. पण ते थांबणं मी ऐकलं. समोरचं माणूस बोलत असतं तेवढा वेळ आपण थांबतो ना, मध्ये मान हलवतो, अजून थोडं थांबतो, तसं ते होतं. मग ते म्हणाले, "बरं."

बाहेर आले तेव्हा मी तिथेच होते. "तुमी अठीच होत्या?" मी म्हटलं, आत्ताच आले. त्यांना कळलं असेल. टाक दोरीवर नव्हता, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात त्याचा छोटा गोल उठून दिसत होता. त्यांनी तो मला परत दिला नाही, आणि मी मागितला नाही. त्याच दुपारी पोती रिकामी केली, दोऱ्या गुंडाळल्या, आणि आम्ही परत निघालो. वाटेत माझा हात सारखा गळ्याशी जायचा. तिथे काही नव्हतं, आणि नसलेलं ते असलेल्यापेक्षा जड होतं. मला वाटलं होतं की काढल्यावर हलकं वाटेल. निर्मलच्या घाटात त्यांनी एकदा सवयीने "पाय..." म्हटलं, आणि लगेच "पाहा, ससा" असं दुरुस्त केलं. ससा कधीच गेला होता.

ओट्यावरच आजीने माझा गळा पाहिला. "कुठी गेली?" तुझे बाबा म्हणाले, "खिशात आहे." आजी त्यांच्या खिशाकडे पाहून म्हणाली, "घे, आता खिशात घालून फिर बायकोले." हसत म्हणाली, पण पदर डोळ्याला लावला. मग मी भाज्या निवडत असताना ती माझ्याजवळ येऊन बसली. मी विचारलं, तुम्ही मंजूला खरं का नाही सांगितलं? तिने मेथीची काडी मोडली. "मायावर रागावली त म्हातारी आहे, आज ना उद्या मरतेच. बापावर रागावली असती त पोट्टीनं कोनाच्या दारात जावं? एकच त राह्यलं होतं तिचं." आजीने राग स्वतःकडे वळवून घेतला की तुझ्यासाठी बाबा शाबूत राहतील असं तिला वाटलं. तू मात्र घरच सोडलंस, आणि घरात तेही होते.

तुझी आई आता या घरात पूर्वीपेक्षा जास्त आहे, असं मला वाटतं. माझ्या गळ्यात होती तेव्हा तिची जागा ठरलेली होती. आता नाही. आजीही न सांगता पहिला घास काढते, मीही काढते, आणि आज मी माझ्यासाठी काढला, कुणाच्या नजरेसाठी नाही. मला 'तू' मिळालेला नाही. मिळेल का, माहीत नाही. कधीकधी मला वाटतं की तो मागायचा असतो, आणि मी वाट पाहत बसते. ते माझं मी बघेन.

हे पत्र उद्या सकाळी कुरिअरने जाईल, कारण येत्या रविवारी तुझे बाबा नागपूरला येणार आहेत. तू बोलावलं नाहीस, तरी. पहाटेच्या बसने आदिलाबाद, तिथून पांढरकवड्यावरून. तुला सांगतील की आजीने तिळाचे लाडू दिले, थंडीच्या देशात लागेल म्हणून घरच्या कापसाची दुलई दिली. मग बस किती भरली होती ते सांगतील, तुझ्या होस्टेलच्या जेवणाबद्दल विचारतील, विमानात पाणी देतात का ते विचारतील. त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात ती असेल. तुझ्या हातात द्यायला ते तिला घेऊन येत आहेत. काल दोरा बदलताना मी त्यांना पाहिलं, काळा काढून लाल घातला. पण त्यांना ती बाहेर काढता येणार नाही, मंजू. मी त्यांना ओळखते. खिशाकडे हात जाईल, परत येईल, दुलईच्या गाठीवर बसेल, आणि ते म्हणतील, "बरं मंग, येतो मी," आणि तिच्यासकट परतीच्या बसमध्ये बसतील. मग तू जर्मनीला जाशील आणि ते इथे पायरीवर उभे राहतील. तेवढं होऊ नये म्हणून हे सगळं लिहिलं. घरी ये म्हणून नाही, मला माफ कर म्हणून नाही. ती तुझ्याबरोबर जावी, की इथे राहावी, की गंगेला सोडावी, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. त्यात मी नाही, आणि नसावं. फक्त ते उठायच्या आत तू विचार. दुसरं काही बोलू नकोस, समजावू नकोस. नुसतं विचार, "बाबा, मायले आनलं का?"

तुझीच,
मीनल